मीटरवहिनी आणि पिवळा डिंक

मीटरवहिनी भाजीला निघाल्या तरी त्यांच्या पिशवीत वीज मोजायचा मीटर असतो. काळा, सुईचा, काचेला एका कोपऱ्यात तडा गेलेला. वाटेत कोणी शेजारीण "वहिनी, आमची इस्त्री तापत नाही हो" म्हणाली, की त्या तिथेच तिच्या ओट्यावर पिशवी टेकवतात आणि इस्त्रीच्या वायरीची दोन टोकं तपासतात. भाजीवाल्याकडे पोचेपर्यंत चांगली भाजी संपलेली असते. नवऱ्याच्या मित्रांनी थट्टेने ठेवलेलं हे नाव आता इतकं रुळलंय, की वाण्याच्या मुलीला त्यांचं खरं नाव विचारलं तर ती गोंधळेल.

लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्यांना बल्ब बदलण्यापलीकडे विजेतलं काही येत नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत सासऱ्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. गाण्याचे, भाषणाचे, नाटकाचे ॲम्प्लिफायर तिथे येत. दुकानात त्यांना सगळे नुसतं "मशीन" म्हणत. नवऱ्याला या धंद्यात रस नव्हता. तारांना कथलाचा डाग देताना निघणाऱ्या धुराने त्याला शिंका येत. तो दवाखान्यात कंपाउंडर झाला, आणि औषधांच्या वासात मात्र त्याला कधी शिंक आली नाही.

वहिनी चहा घेऊन दुकानात जायच्या आणि कप रिकामा होईपर्यंत उभ्या राहायच्या. टेबलाच्या कडेला एक साधा शंभराचा बल्ब टांगलेला असे. बिघडलेलं मशीन थेट विजेवर न लावता आधी या बल्बातून लावायचं. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भक्क पेटून राहिला तर मशिनाच्या पोटात कुठेतरी वीज आडवाटेने धावतेय असं समजायचं आणि बटण बंद करायचं. असे कितीतरी चहा झाल्यावर एक दिवस, सासरे गिऱ्हाइकाशी बोलण्यात गुंतलेले असताना, मागून आवाज आला, "मामंजी, तो विझत नाहीये."

मामंजींनी वळून बल्बाकडे पाहिलं, मग सुनेकडे. बटण बंद केलं आणि म्हणाले, "सूनबाई, उद्यापासून चहा तुझ्या नवऱ्याला करू दे."

मामंजींची शिकवण्याची रीत कडक होती. "वाटतं" हा शब्द दुकानात चालत नसे. "आवाज कमी आहे असं वाटतं" म्हटलं की ते विचारत, "किती?" "वीज पोचत नाही वाटतं." "किती पोचत नाही?" आकडा सांगता येत नसेल तर मीटर उचलायचा. पहिल्या वर्षी वहिनींनी मीटरच्या दोन्ही टोकांना बोटं लावून मोजलं, आणि मशिनातल्या एका निर्दोष तुकड्याला खराब ठरवलं. मामंजी म्हणाले, "तू त्याचं नाही, स्वतःचं माप घेतलंस. बोटांतून वीज गेली. बरी आहेस, ठणठणीत आहेस." दुकानात हे वाक्य पुढे कितीतरी वर्षं चाललं.

त्यांची दुसरी रीत डिंकाची. मशीन दुरुस्त झालं, की आतल्या उंच उभ्या कंडेन्सरांच्या बुडाशी ते पिवळ्या डिंकाचा एकेक ठिपका द्यायचे. मशिनं टेम्पोत घालून खड्ड्यांतून नेतात, धक्क्यांनी कंडेन्सरांचे तारेचे पाय तुटतात, म्हणून. तो ठिपका त्यांची सहीच होती. दुसऱ्या कोणी मशीन उघडलं आणि आत पिवळं दिसलं, तर तो म्हणायचा, हे म्हाताऱ्याच्या हातचं आहे. मामंजींना याचा अभिमान होता. "माझं मशीन आपणहून बिघडत नाही," ते म्हणायचे, "कोणीतरी बिघडवतं."

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डाग एकीकडे द्यायचा आणि कथील पडायचं भलतीकडे. मग त्यांनी शांतपणे डाग देण्याची कांडी सुनेच्या हातात दिली आणि स्वतः दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले. गिऱ्हाइकांशी बोलणं आणि टेबलाकडे न पाहता सूनबाईच्या चुका ओळखणं, एवढं काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं.

अशा दिवसांत एका सोमवारी नाचाच्या बाई आल्या. त्यांचा नाचाचा वर्ग दोन गल्ल्या पलीकडे. बरोबर रिक्षावाला आणि त्याच्या हातात जाड लोखंडी पेटीतलं मशीन. मामंजींनी ते तीस वर्षांपूर्वी स्वतः बांधून दिलं होतं.

"काका, हे बघा तुमचं लेकरू," बाई म्हणाल्या. "अर्धा तास गुणी असतं, मग तडतडायला लागतं. मुली गिरकी घेतात आणि मध्येच हे पापड मोडतं."

"कोणाला दाखवलंत?"

बाईंनी मान खाली घातली. "दोघांना. एकाने आतले मोठे ट्रान्झिस्टर बदलले. दुसऱ्याने आवाजाची खुंटी बदलली. हा दुसरा, चौकातला साउंडवाला, म्हणाला, म्हाताऱ्याचं मशीन आता म्हाताऱ्यासारखंच झालंय, नवीन घ्या."

मामंजींची खुर्ची करकरली.

"शनिवारी माझ्या वर्गाचा कार्यक्रम आहे," बाई पुढे म्हणाल्या. "तोवर नाही झालं तर मी नवीन घेईन काका, आणि हे भंगारात जाईल. पण तुमच्या हातचं आहे म्हणून शेवटचं इथे आणलं. तुम्हीच बघा हं."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी वहिनींकडे पाहिलं नाही. वहिनींनीही ते मनावर घेतलं नाही, त्या आधीच पेटीचे स्क्रू काढत होत्या.

त्या दिवसापासून मामंजी जेवायलाही दुकानातच बसले. त्यांनी स्वतः बांधलेलं पहिलं मोठं मशीन भंगारात जाणार की राहणार, याचा निकाल सुनेच्या हातात होता, आणि ते त्यांना बोलून दाखवता येत नव्हतं. म्हणून ते वरणात मीठ कमी आहे असं तीनदा म्हणाले.

वहिनींनी मशीन बल्बातून लावलं. उजळला, मंद झाला. आत कुठे आडवाट नव्हती. मग स्पीकरच्या जागी त्यांनी दुकानातला फाटक्या पडद्याचा जुना स्पीकर जोडला. याचं नाव "बकरा". अनोळखी मशिनापुढे आधी त्याला बांधायचं, जळाला तर तो जळेल. मीटरची टोकं त्यांनी स्पीकरच्या वायरींवर लावली. गाणं नसताना तिथे वीज नसायला हवी. सुई शून्याला टेकली.

"किती?" दारातून प्रश्न.

"शून्य. दोन्ही बाजूंचा पुरवठाही सारखा आहे, पस्तीस-पस्तीस व्होल्ट."

"मग थांब. त्याला तापू दे."

अठ्ठावीस मिनिटांनी बकरा तडतडला. त्याच क्षणी सुई शून्यावरून उठली आणि वाऱ्यातल्या गवतासारखी हलायला लागली. वहिनींनी आवाजाची खुंटी पूर्ण बंद केली. तडतड थांबली नाही. म्हणजे खुंटीपर्यंतचा सगळा भाग निर्दोष, दोष तिच्या पुढच्या अर्ध्यात. अर्धं मशीन एका बोटाने बाजूला झालं. वहिनींना या कामातली ही जागा सगळ्यांत आवडते. घरात काही हरवलं की सगळे सगळीकडे शोधतात. त्या आधी कुठे नाही ते ठरवतात.

लाकडी काडीने त्यांनी एकेका तुकड्याला हळूच टकटक केलं. सैल डाग असता तर आवाज बदलला असता. बदलला नाही. मशीन गार झाल्यावर त्यांनी घरातून केस वाळवायचं यंत्र आणलं, त्याच्या तोंडाला जाड कागदाची निमुळती नळी बांधली, आणि गरम वाऱ्याची बारीक धार एकेका कोपऱ्यावर धरली. डावा कोपरा, काही नाही. मधली रांग, काही नाही. उजव्या कोपऱ्यात दोन कंडेन्सर आणि एक छोटा ट्रान्झिस्टर शेजारीशेजारी उभे होते. तिथे वारा धरून मिनिट झालं नसेल, बकरा पापड मोडायला लागला.

"सापडलं, मामंजी."

"सापडलं म्हणू नकोस. कोपरा सापडला."

ते बरोबरच म्हणत होते. मंगळवारी वहिनींनी त्या कोपऱ्यातले दोन्ही कंडेन्सर बदलले. तडतड तशीच. ट्रान्झिस्टर बदलला. तशीच. जवळचे दोन रेझिस्टन्स बदलले. कोपऱ्यातलं जुनं काही म्हणून उरलं नव्हतं, आणि आवाज मात्र जुनाच होता. बाईंनी आधी दाखवलेल्या दोघा मेकॅनिकांनी केलं तेच आपण केलं, हे त्यांच्या लक्षात आलं. वाटलं म्हणून बदलत गेलो, मोजलं नाही.

बुधवारी सकाळी त्यांनी तो कोपरा भिंगातून पाहिला. जुनं काही उरलं नव्हतं असं नाही. तुकडे बदलताना त्यांनी एका गोष्टीला हात लावला नव्हता, कारण तिला हात लावायचं त्यांना सुचलंच नव्हतं. तो डिंकाचा ठिपका. पिवळा आता कुठे राहिला होता? करपलेल्या गुळासारखा तपकिरी झाला होता, आणि कंडेन्सरच्या एका पायापासून शेजारच्या ट्रान्झिस्टरच्या पायापर्यंत पसरलेला होता. काढलेल्या जुन्या कंडेन्सरचे पाय त्यांनी कचऱ्यातून शोधले. ते बुडाशी काळेहिरवे पडून कुरतडल्यासारखे झाले होते.

वहिनींनी मशीन बंद केलं, मीटरची दोन टोकं डिंकात रुतवली, बोटं लांब ठेवली आणि गरम वारा सोडला. डिंकातून वीज जायला नको. सुई जागची हलायला नको.

सुई सरकली.

दारातल्या खुर्चीवर मामंजी पेपर वाचत होते. वहिनींनी आवाज न करता फळीवरचं दुसरं मशीन उतरवलं, मग तिसरं. दोन्ही जुनी, दोन्हींत ठिपके. दोन्हींत सुई सरकली, एकात थोडी, एकात चांगलीच. मग त्यांनी खण उघडला. आत डिंकाची अर्धी वापरलेली नळी होती. गेली कितीतरी वर्षं ती नळी त्यांच्याच हातात असायची.

दुपारी नवरा जेवायला आला तेव्हा त्यांनी त्याला स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं.

"अगं, मग खरवडून टाक आणि कंडेन्सर गेला होता म्हणून सांग," तो म्हणाला. "गेलेच होते की. खोटं कुठेय त्यात?"

"आणि बाकीची मशिनं?"

"ती आली की बघू. बाबांनी आयुष्यभर त्या ठिपक्याचा मान मिरवला. आता या वयात त्यांना सांगायचं, की तुमची सहीच मशिनं खाते?"

"अहो, ती मशिनं लोकांकडे तडतडतायत. उद्या तो साउंडवाला एकेक भंगारात काढेल आणि मामंजींच्या नावाने हसेल. आत्ता सांगितलं तर निदान ती वाचवता तरी येतील."

"मग तू सांग बाई. मी दवाखान्यात चाललो," नवरा म्हणाला आणि खरंच गेला. ताटात अर्धी पोळी तशीच होती.

वहिनींनी हात धुतले आणि दुकानात जाऊन सरळ सांगितलं, "मामंजी, दोष डिंकात आहे."

पेपर खाली आला. "कशात?"

"डिंकात. तापला की त्यातून वीज जाते."

"किती?"

"गार असताना चार लाख ओहमचा अडथळा. गरम झाला की ऐंशी हजार."

मामंजी हसले. "टोकं बोटांनी धरली असशील. पहिल्या वर्षासारखी."

"नाही धरली."

"धरली असशील. डिंकातून कधी वीज जाते? मग लाकडातून जाईल, पुठ्ठ्यातून जाईल. आण इकडे."

ते टेबलाशी आले. दोन वर्षांनी पहिल्यांदा. वहिनींनी मीटर पुढे केला. मामंजींनी टोकं हातात घेतली आणि डिंकावर टेकवायला गेले, तर टोक घसरून पत्र्यावर खडखडलं. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा खडखडलं. वहिनी पुढे झाल्या. त्यांनी दोन टाचण्या डिंकात रोवल्या आणि मीटरला चिमट्यांच्या वायरी लावून त्या टाचण्यांना अडकवल्या. आता कोणाचाच हात लागत नव्हता. गरम वाऱ्याचं यंत्र त्यांनी सासऱ्यांच्या हातात दिलं. ते थरथरत्या हातातही चालतं.

मामंजींनी वारा सोडला. सुई चढली. वारा बंद केला. सुई हळूहळू उतरली. त्यांनी पुन्हा सोडला, पुन्हा बंद केला. असं चार वेळा केलं. चौथ्या वेळी ते सुईकडे पाहतच नव्हते.

"नळी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी खणातून नळी काढून दिली. मामंजींनी चष्मा कपाळावर सरकवला, नळी डोळ्यांजवळ नेली आणि तिच्यावरची बारीक अक्षरं वाचायला लागले. इतक्या वर्षांत ती कोणी वाचली नव्हती.

"पादत्राणे, चामडे, पुठ्ठा आणि कापड यांसाठी," त्यांनी मोठ्याने वाचलं. मग खालची ओळ. "विजेच्या उपकरणांसाठी वापरू नये."



"चपलेचा डिंक," मामंजी म्हणाले. "सूनबाई, तीस वर्षं मी लोकांच्या गाण्याला चपलेचा डिंक लावतोय."

"मीही लावला, मामंजी. अकरा वर्षं."

"तू मी सांगितलं म्हणून लावलास." ते स्टुलावर बसले. "मला वाटलं, चिकटतोय छान. वाटलं." हा शब्द त्यांनी अशा सुरात उच्चारला, की वहिनींना त्यांच्याकडे पाहवलं नाही. मग त्यांनी मान वर केली. "चिकटत होता मात्र छान. एकाचाही पाय तुटला नाही."

"नाही तुटला."

"कसा काढायचा हा?"

"लाकडी काडीने खरवडून, मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसून. मी अजून काढला नाही. तुम्हाला दाखवायचा होता."

वहिनींनी तो कोपरा साफ केला आणि मशीन लावून दिलं. अठ्ठावीस मिनिटं झाली. चाळीस झाली. तास झाला. बकऱ्याने चूं केलं नाही. सुई शून्यावर अशी टेकून राहिली, जणू तिला डुलकी लागली होती. दोन तासांनी मामंजींनी स्वतः उठून वरणभात वाढून घेतला, आणि मीठ बरोबर आहे म्हणाले.

गुरुवारी नाचाच्या बाई आल्या. मशीन तासभर वाजत होतं ते त्यांनी कान देऊन ऐकलं.

"काय झालं होतं हो काका? काय गेलं होतं?"

वहिनींनी तोंड उघडलं, पण मामंजी आधी बोलले. "काही गेलं नव्हतं. माझी चूक होती. मी आत जो डिंक लावत होतो, तो विजेच्या कामाचा नव्हता. तापून करपला आणि त्याने मशीन खाल्लं. शोधून काढलं हिने. मी तर हिला खोटी ठरवायला निघालो होतो."

बाई दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तीस वर्षं चाललं ना पण? माझे गुडघे नाही चालले तेवढे." आणि जाताना, पेटी रिक्षात चढल्यावर, त्या परत दारापर्यंत आल्या. "वहिनी, शनिवारी तुम्हीच या. मशिनाशेजारी तुमची खुर्ची ठेवते."

रिक्षा वळेपर्यंत मामंजी दारात उभे होते. मग आत येऊन म्हणाले, "कागद घे."

"कशाला?"

"दारावर लावायला. लिही."

वहिनींनी लिहिलं, "जुन्या मशिनांची तपासणी मोफत." मामंजींनी वाचलं आणि कागद परत दिला.

"हे कोणाच्याही दारावर लिहितात. नीट लिही. ज्यांच्या मशिनात पिवळा डिंक आहे त्यांनी ते घेऊन यावं. डिंक माझा आहे. तो मी काढून देईन."

"साउंडवाला वाचेल, मामंजी. चौकभर सांगेल."

"सांगू दे की. तेवढीच बातमी लवकर पोचेल. मला कोणाकोणाच्या दारी जायला पाय थोडेच आहेत तेवढे?"

बातमी पोचली. साउंडवाल्याने ती खरोखरच चौकभर सांगितली, हसत हसत, आणि त्यामुळे दहा दिवसांत चौदा मशिनं आली. त्यातली दोन त्याने स्वतःच हातगाडीवर घालून आणली, आणि ती दारात ठेवताना तो हसत नव्हता. "काका, हा डिंक मीही लावतो हो," तो हळूच म्हणाला. "तुमचं बघून."

आता सकाळी दुकानात दोन स्टुलं असतात. मामंजी लाकडी काडीने डिंक खरवडतात. या कामाला हात स्थिर लागत नाही. उलट थरथरत्या काडीने तो जरा लवकरच निघतो, असं ते सांगतात. वहिनी मोजतात, कुरतडलेले तुकडे बदलतात, बल्बातून मशीन लावतात. नवरा रविवारी कापसाचे बोळे करून देतो आणि लांबूनच शिंकतो.

परवा एका मशिनाचा डिंक निघाला, आणि मामंजी लहान मुलासारखे ओरडले, "सूनबाई, हे बघ! हा खालचा डाग बघ. गोळा नुसता! असा डाग मी जन्मात दिला नाही. हे काम माझं नव्हे."

"मग कोणाचं?"

मामंजींनी भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं. मग भिंग सुनेच्या हातात दिलं आणि पुढचं मशीन ओढून घेतलं.

वहिनींनी वाकून पाहिलं. डागाचा तो फुगीर गोळा, एका बाजूला ओघळलेला, शेजारी कांडीचा चटका बसल्याची खूण. त्यांना ते मशीन आठवलं, आपलं शिकण्याचं ते पहिलं वर्षही आठवलं.

"हे माझ्याकडे ठेवा," त्या म्हणाल्या. "मी करते नीट."